टचपॅड बंद, दोष पावसाच्या ओलीला

जुलैची झड लागलेली असताना शिवाजी पेठेतल्या एका घरी लॅपटॉप बघायला गेलो. चार दिवसांपासून टचपॅडनं पडद्यावरचा बाण हलत नव्हता, पॅड दाबला तर टिचकीही येत नव्हती. "ओल धरली असंल ओ, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलाय," काकू म्हणाल्या. आपल्याकडं पावसाळ्यात काहीही बिघडलं की ओलीवर जातं. पण तांदळानं आतली ओल निघत नाही, उलट त्याची भुकटी आत शिरते. यूएसबीच्या खाचेत पांढरी पूड दिसतच होती. ती कोरड्या ब्रशनं काढली आणि माऊस जोडला.

आधी बिनखर्चाच्या गोष्टी बघायच्या. वरच्या रांगेत टचपॅडचं चित्र असलेली कळ असते, ती चुकून दाबली गेली की पॅड बंद होतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये, माऊस जोडल्यावर टचपॅड चालू ठेवायचा की नाही, याचीही खूण असते. दोन्ही ठीक होतं. मग बायोस, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीचं सेटिंगचं पान, उघडलं. या मॉडेलच्या बायोसमध्ये टचपॅड चालतो, म्हणून ही परीक्षा कामाची. तिथंही बाण जागचा हलला नाही, म्हणजे विंडोजचा दोष नाही. 'विंडोज नव्यानं टाका' असं त्यांना आधी कुणीतरी सांगितलं होतं. ते केलं असतं तर पैसे गेले असते आणि टचपॅड तसाच राहिला असता.

मग स्टीलची पट्टी आडवी धरली. टचपॅडच्या मधोमध ती टेकत होती आणि दोन्ही कडांना फट दिसत होती. लगेच लॅपटॉप बंद करून चार्जर काढला, कारण पॅड खालून उचलला जात असेल तर पहिला संशय बॅटरीवर. हा लॅपटॉप चार वर्षं टेबलावर कायम चार्जिंगलाच असायचा, आणि बॅटरी अशी कायम भरलेली राहिली की फुगू शकते.

खालचे दहा स्क्रू काढले. ते कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या-त्या जागी ठेवायचे. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर वरच्या कव्हरला टेंगूळ येतं. कव्हर जुन्या एटीएम कार्डानं सोडवलं. तीन सेलपैकी मधला उशीसारखा टम्म फुगला होता आणि बरोबर टचपॅडच्या पाठीला टेकला होता. म्हणून टिचकी येत नव्हती. बॅटरीचा कनेक्टर नखानं सोडवला, धातूचं काही वापरलं नाही. स्क्रू काढून बॅटरी दोन्ही हातांनी सपाट उचलली. ती चिकटवलेली असेल आणि सहज सुटत नसेल, तर पेचकस घालून उचकटायची नाही, काम तिथंच थांबवायचं. सेलला भोक पडलं तर आग लागू शकते.

बाण का हलत नव्हता, ते बॅटरी काढल्यावर दिसलं. टचपॅडची रिबन, बोटभर रुंद चपटी पट्टी, फुगवट्यानं ढकलली जाऊन सॉकेटमधून तिरकी झाली होती. एका बाजूच्या सोनेरी रेघा बाहेर दिसत होत्या. सॉकेटचं काळं लॉक नखानं वर उचललं, रिबनची टोकं ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, ती सरळ आत सारून लॉक पाडलं. लॉक न उचलता ओढाओढ केली तर सॉकेटच मोडतं, आणि मग मदरबोर्डचं काम निघतं.

बॅटरीविना, फक्त चार्जरवर लॅपटॉप सुरू केला. सगळे तसे चालत नाहीत, हा चालला. बाण फिरला, चारही कोपऱ्यांत बोट नीट ओळखलं गेलं, टिचकीही परत आली.

नवी बॅटरी जुनीवरचा पार्ट नंबर आणि ११.४ व्होल्ट जुळवूनच मागवली. ती बसवल्यावर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून दिली, कारण लॅपटॉप पुढंही टेबलावरच राहणार आहे. फुगलेली बॅटरी कनेक्टरवर चिकटपट्टी लावून घराच्या पुढच्या सोप्यात, कोरड्या वाळूच्या पाटीत, झाकण न लावता ठेवली. घंटागाडीत टाकू नका, गाडीत दाबली गेली तर पेट घेईल, असं काकूंना बजावलं. दुसऱ्या दिवशी ती ई-कचऱ्यात जमा केली.