हंगामी भांडारकर, कायम पीटरसन

पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख पाहुण्यांना दाखवताना आम्ही नाशिककर सातवाहनांविषयी भरभरून बोलतो. परंतु नाशिकच्या या लेखांवरील निबंध 1874 सालच्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी लिहिणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या वेळी सरकारी नोकरीच्या कोणत्या पायरीवर होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक बूलर सरकारच्या विद्याखात्यात इन्स्पेक्टर झाल्यावर तिथले संस्कृतचे प्राध्यापकपद भांडारकरांकडे आले, तेही हंगामी. त्यांची संस्कृतची पाठ्यपुस्तके तोवर प्रसिद्ध झालेली होती आणि कॉलेजातले अध्यापनही तेच सांभाळत होते. असे असूनही जागा कायमची भरायची वेळ आली तेव्हा 1873 साली विलायतेहून पीटर पीटरसन आले, जे वयाने भांडारकरांहून दहा वर्षांनी लहान होते. पीटरसन सुमार होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण पुढे हस्तलिखितांच्या शोधात त्यांनी मोठे काम केले. मात्र नेमणुकीच्या वेळी दोघांची विद्वत्ता समोरासमोर तपासली असती तर निकाल काय लागला असता, याविषयी मला तरी शंका नाही.

तशी ती तपासण्याची सोयच नव्हती. सनदी नोकरीची परीक्षा लंडनला होत असली तरी निदान परीक्षा होती, आणि सत्येंद्रनाथ टागोर 1863 साली तीत उत्तीर्ण झाले. विद्याखात्यातील वरिष्ठ जागांसाठी स्पर्धापरीक्षा नसे. ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्र्यांकरवी इंग्लंडमध्येच निवड होई आणि तिथल्या विद्यापीठांतील ओळखी व शिफारशी यांना वजन असे. उमेदवार इंग्रजच हवा असाही आग्रह नव्हता. बूलर आणि डेक्कन कॉलेजातील कीलहॉर्न हे दोघेही जर्मन होते! कीलहॉर्न मायदेशी परतल्यावरच भांडारकरांना पुण्यात ती जागा मिळाली.

1896 साली या व्यवहाराला रीतसर नियमांचे रूप आले. इंग्लंडमध्ये निवडलेले ते इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये आणि हिंदुस्थानात निवडलेले ते प्रांतिक सेवेत, अशी वाटणी झाली. पगारातील भेद त्याआधीपासूनचाच होता. 1885 साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झालेल्या जगदीशचंद्र बसूंना युरोपीय सहकाऱ्यांहून कमी वेतन देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी तीन वर्षे शिकवले, पण पगाराला हात लावला नाही. अखेर सरकारने मागील थकबाकीसह पूर्ण वेतन दिले. एका माणसाच्या हट्टाने एक प्रकरण मिटले, पद्धत मात्र तशीच राहिली.

मॉंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी शिक्षण हे खाते प्रांतातील मंत्र्यांकडे सोपवले. मुंबईत ते रँग्लर परांजप्यांकडे आले. त्यानंतर 1924 मध्ये सरकारी सेवांचा विचार करणाऱ्या ली आयोगाने इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस या अखिल भारतीय सेवेची भरती थांबवण्याची शिफारस केली. त्याच वर्षी नाशिकला गोखले एज्युकेशन सोसायटीचे, आज एचपीटी म्हणून ओळखले जाणारे कॉलेज सुरू झाले. तिथला प्राध्यापक नेमायला भारतमंत्र्यांची सही लागत नव्हती. संलग्नतेसाठी मुंबई विद्यापीठाच्या पायऱ्या मात्र चढाव्याच लागत.