सेंदाईत लेकीची खोली लावताना: छताचा दिवासुद्धा आपणच आणायचा

"खोली तयार आहे, फक्त किल्ली घ्यायची," असं पुण्यातल्या सल्लागाराने छातीठोक सांगितलं होतं. सप्टेंबरअखेर संध्याकाळी विद्यापीठात शिकायला निघालेल्या लेकीला घेऊन जपानमधल्या सेंदाईला पोचले, दार उघडलं, बटण दाबलं आणि उजेडच पडला नाही. छताला दिवा नव्हता, नुसतं सॉकेट. जपानमध्ये भाड्याच्या खोल्या बहुतेक अशाच मिळतात: दिवा नाही, पडदे नाहीत, शेगडी नाही, फ्रिज नाही. न्हाणीघरात तेवढा दिवा होता. त्याचं दार उघडं ठेवून, बॅगांवर बसून आम्ही दोघींनी दशम्या खाल्ल्या. गॅस सुरू करायला माणूस येतो तेव्हा घरात कुणीतरी असावं लागतं. आम्ही वेळच घेतली नव्हती, म्हणून दोन दिवस गार पाण्याने आंघोळी. खोली ठरली की त्याच दिवशी वीज, पाणी आणि गॅस तिन्हींच्या तारखा घेऊन टाका.

पण खरा मनस्ताप पैशांचा. "दोन महिन्यांचं भाडं हाताशी ठेवा," असं सांगितलं होतं. भाडं ४२,००० येन आणि हातात पडलेला हिशेब २,६०,७०० येनचा! पहिलं भाडं ४२,०००, शिकिकिन म्हणजे अनामत ४२,०००, रेइकिन म्हणजे घरमालकाला भेट, जी कधीच परत मिळत नाही, तीही ४२,०००. दलाली करासकट ४६,२००, हमीदार कंपनी २१,०००, विमा १८,०००, कुलूपबदल १६,५००, निर्जंतुकीकरण १६,५००, 'चोवीस तास मदत' १६,५००. शेवटच्या दोन गोष्टी ऐच्छिक होत्या, हे सही झाल्यावर कळलं. दलालीचंही तसंच: भाडेकरूने आधी मान्य केलं नसेल तर नियमाने अर्ध्या महिन्याचीच घेता येते. सही करण्याआधी एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा, "हे सक्तीचं आहे का?" रेइकिन नसलेल्या खोल्याही असतात, त्याच आधी बघा. आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळत असेल तर खोली कितीही लहान असो, डोळे झाकून घ्या.

कागदपत्रांना मी उगाच घाबरले होते. टोकियोच्या विमानतळावरच निवासपत्र हातात मिळतं. अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्जही तिथेच द्या, आठवड्याला २८ तासांची मुभा मिळते. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत कुयाकुशोत, म्हणजे प्रभाग कार्यालयात, पत्ता नोंदवायचा. त्याच फेरीत आरोग्य विमा काढा, मग दवाखान्याचा ३० टक्केच खर्च आपल्याकडे राहतो. बँक मात्र फोन नंबर मागते आणि फोनवाले जपानी बँकेचं खातं मागतात. आधी भारतातलं कार्ड चालणारं, कॉलचा नंबर असलेलं सिम घ्या, मग पोस्टाची बँक गाठा. तोवर सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएमवर आपल्या कार्डाने पैसे निघतात.

मिक्सर नेऊ नका. तिथे १०० व्होल्ट वीज, आपला २३० वर चालणारा. आमचा धड चटणीही वाटेना, अडीच किलो वजन फुकट वाहिलं. कुकर इंडक्शनवर चालणारा न्या. औषधं महिन्याभराचीच, चिठ्ठीसकट. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर घरीच ठेवा.



कचऱ्याच्या ठरलेल्या पिशव्या पहिल्याच दिवशी दुकानातून आणा: हिरवी घरच्या कचऱ्याची, लाल प्लास्टिकची. चुकीची पिशवी उचलत नाहीत. मी निघाले त्या सकाळी लेक माझ्या आधी उठली होती. हिरवी पिशवी घट्ट बांधून खाली ठेवून आली आणि मग चहा टाकला.