अंधाराची परवानगी: माझा अनुभव

आधी कामाचं सांगून टाकतो. कोणत्याही कार्यालयात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, पाहतो" म्हणाले तरी.

मी कृष्णधवल फिल्मवर छायाचित्रं करतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आठवी ते दहावीच्या मुलामुलींना डार्करूमही, म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन प्रिंट काढणंही, शिकवतो. पट घसरल्यामुळे जिल्हा परिषद शाळेची एक खोली रिकामी पडली होती, ती मी त्यासाठी मागितली. मुख्याध्यापक राजी होते, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाला, एन्लार्जर, म्हणजे फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून भंगाराच्या भावात मिळाला. अडलं ते तालुक्याच्या शिक्षण विभागात.

बाबूंनी अर्ज दोनदा वाचला. "सर, खोली अंधारी कायले पाह्यजे?"

सांगितलं.

"पोट्टे-पोट्ट्या एकाच खोलीत, अंधारात, अन् दार आतून बंद. मी टिपणी काय लिहू जी?"

प्रश्न चुकीचा नव्हता, हे आज शांतपणे म्हणू शकतो. तेव्हा डोकं तापलं होतं, कारण उत्तर ऐकायला कोणी तयारच नव्हतं. पूर्ण काळोख लागतो तो फक्त फिल्म रिळावर चढवताना, आणि त्याला खोलीसुद्धा लागत नाही. चेंजिंग बॅग म्हणजे दोन बाह्यांची काळी पिशवी. हात आत घालून भर दुपारी ओट्यावर बसून ते काम होतं. फिल्म उजेड न शिरणाऱ्या छोट्या टाकीत बंद झाली की पुढची धुलाई उजेडात. प्रिंट काढताना लाल दिवा असतो, कारण नेहमीच्या कृष्णधवल कागदावर लाल उजेडाचा परिणाम होत नाही. माणसाला मात्र समोरच्याचा चेहरा व्यवस्थित दिसतो. हे सगळं मी उभ्या-उभ्या सांगायचो आणि बाबू मान हलवून म्हणायचे, "लेखी द्या."

लेखी दिलं. मग रसायनांची यादी हवी झाली. यादीत स्टॉप बाथसाठी, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणासाठी, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होतं. २०१३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर कडक बंधनं आली, त्यामुळे 'अ‍ॅसिड' दिसताच फाइल पुन्हा खाली आली. शेवटी ती ओळ खोडून किराणा दुकानातलं लिंबूसत लिहिलं, लिटरला १५ ग्रॅम. काम तेच होतं, वासही नाही. तुम्ही यादी करणार असाल तर पहिल्यापासून हेच लिहा. पुढे पालकांची संमतीपत्रं मागितली. ती दिली तर साहेब मीटिंगला. मीटिंग संपली तर साहेब दौऱ्यावर. प्रत्येक खेपेला एकच कागद कमी असायचा, आणि तो कोणता हे आदल्या खेपेला सांगायची पद्धत नव्हती.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग असतं. तो द्यायची वेळ आली नाही, कारण समितीवरच्या एक ताई सोबत आल्या. त्यांची मुलगी नववीत. साहेब जागेवर होते आणि त्यांनीही तोच प्रश्न काढला. ताई म्हणाल्या, "रातच्याले लाइन जाते तवा साराच गाव अंधारात असते जी. त्याची परवानगी कोनाले मागाची?"

साहेब हसले. सही त्याच दिवशी झाली. एवढ्या महिन्यांचे माझे तांत्रिक खुलासे फाइलमध्ये तसेच टाचलेले आहेत.

अटी दोन: दाराला आतून कडी नको आणि एक पालक हजर हवा. कडीऐवजी हातभर अंतरावर दोन काळे पडदे टांगले. खरं तर हीच सोय उत्तम, कागद उघडा असतानाही माणूस आत-बाहेर करू शकतो. तुम्ही हे पडदे पहिल्याच अर्जाच्या नकाशात दाखवा, अर्धा वाद तिथेच मिटेल.

हो, पाण्याचं राहिलंच. डेव्हलपरला २० अंश सेल्सिअस धरून वेळा दिलेल्या असतात. आमच्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, म्हणून वर्ग दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवतो. बोअरचं पाणी जड. फिल्म शेवटी आरओच्या पाण्यातून काढली नाही तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. डेव्हलपरमधल्या मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे किंवा चिमटे. आणि एन्लार्जरला स्टॅबिलायझर लावाच. व्होल्टेज खाली-वर झालं की दिव्याचा उजेड बदलतो आणि मुलांनी मोजलेले सेकंद फुकट जातात.

परवानगी ३१ मार्चपर्यंतच आहे. मुदतवाढीचा अर्ज आत्ताच देऊन आलो. बाबू म्हणाले, "एवढ्या लवकर कायले?" पोच घेतली आहे.