त्रेचाळीस शून्यं

आमच्या सेंटरच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक पेशंटच्या पानावर एक रकाना असतो, स्नायूच्या ताकदीचा. शून्य ते पाच. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे सांधा हलत नाही, पण बोट ठेवलं तर खाली स्नायू जरासा फुरफुरतो. पाच म्हणजे पूर्ववत. काकांच्या पानावर सप्टेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी एकाखाली एक त्रेचाळीस शून्यं लिहिली होती.

मी इंदूरला फिजिओथेरपिस्ट आहे. या कामाला एकोणीस वर्षं झाली. काका गिरणीत साचेखात्यात होते, वय एकोणसत्तर. गणपतीच्या आदल्या दिवशी ओल्या जिन्यावरून पडले आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. त्या हाडाला मागून वळसा घालून रेडियल नर्व्ह, म्हणजे मनगट आणि बोटं उचलणाऱ्या स्नायूंची नस, खाली उतरते, तीही दुखावली. हाड ब्रेसमध्ये जुळत आलं, पण मनगट पडलं ते पडलंच. हात पुढे केला की पंजा ओल्या फडक्यासारखा खाली लोंबायचा. काकू भाताचा घास भरवायच्या आणि काका भिंतीकडे बघत तो गिळायचे.

अशी नस बहुतेकदा आपली आपण भरून येते. फक्त तिचा वेग फार कमी. दिवसाला साधारण एक मिलिमीटर, महिन्याला इंचभर. दुखावलेल्या जागेपासून कोपराजवळच्या पहिल्या स्नायूपर्यंत काकांच्या हातात दहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर होतं. शिवाय वाढ सुरू व्हायलाच दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे सगळं नीट चाललं तरी चार महिने वरून काहीही दिसणार नाही. हे मी पहिल्याच दिवशी कागदावर रेघ काढून समजावलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, आणि नीट चाललं नसेल तर?"

तर तेही वरून असंच दिसतं, हे मला सांगावं लागलं. वाढणारी नस आणि मेलेली नस, दोन्हींचा रकाना चार महिने शून्यच दाखवतो.

हे वाक्य मी पेशंटसमोर आधीही बोलले आहे. त्या दिवशी मात्र ते माझ्यावरच उलटलं. चार वर्षांपासून माझी प्रार्थना तशीच होती. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरात आजारपण नव्हतं, कुणाशी वैर नव्हतं. मी रोज पहाटे कचरागाडी येण्याआधीचा अर्धा तास बायबल घेऊन बसत होते. रविवारची उपासना चुकवत नव्हते, महिला मंडळात मनन घेत होते. पण एकोणिसाव्या वर्षी शिबिरात गुडघ्यांवर बसून रडताना जे जवळ वाटलं होतं, ते कुठे दिसत नव्हतं. वाचायचं, डोळे मिटायचे, नावं घ्यायची, आमेन. नाताळाआधीच्या आगमनकाळात पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सर्वांसमोर सांगायला, बोलावलं. मी म्हटलं, या वर्षी नको. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं आणि खोटं मला बोलायचं नव्हतं.

आमच्याकडे उपासना हिंदीत होते, घरची प्रार्थना मराठीत. आजी नगरची. तिचं बायबल माझ्याकडे आहे, तेराव्या स्तोत्राच्या पानावर तिच्या बोटांचा डाग पडलेला. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' विचारणारं हे स्तोत्र. परमेश्वराने उत्तर दिलं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, तरी पाचव्या वचनात स्तोत्रकर्ता दावीद म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. मधे काय घडलं? लहानपणी मी आजीला हे विचारलं होतं. आजीने पंडिता रमाबाईंचं सांगितलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त अजून मिळायचा होता, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. तो भेटायला १८९१ उजाडलं. "आठ वर्षं," आजी म्हणायची, "आणि त्या आठ वर्षांत बाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं, विधवांना शिकवलं. हात बांधून नाही बसल्या." तेव्हा मला ते रमाबाईंचं कौतुक वाटलं होतं. आजी मला कशाची तरी तयारी करून देत होती, हे चाळिशीत कळलं.

काकांच्या हाताचं रोजचं काम कंटाळवाणं होतं. मनगटाला आधार देणारा स्प्लिंट काढायचा, मनगट वर न्यायचं, खाली आणायचं. बोटं एकेक करून उघडायची, अंगठा बाजूला न्यायचा. सगळं मी करायचं, काकांनी फक्त मनातून जोर लावायचा. थोडा वेळ मशीनवर करंट. याने नसेची वाढ होत नाही. मग कशाला, असं काकूंनी एकदा चिडून विचारलं. कारण सांधे आखडले तर चार महिन्यांनी नस येईल आणि तिला हलवायला हातच उरणार नाही. मी हे असे आखडलेले हात पाहिले आहेत. नस पोचली होती, दार बंद झालं होतं.

दर पंधरा दिवसांनी मी आणखी एक गोष्ट करायचे. दंडापासून खाली नसेच्या वाटेवर बोटाने हलकेच ठोकत जायचं. जिथे ठोकल्यावर पंजाच्या मागे मुंग्या येतील, तिथे वाढत्या नसेचं टोक असण्याची शक्यता. त्या जागी मी जांभळ्या पेनाने ठिपका काढायचे. पहिला ठिपका दंडाच्या मधोमध होता, दुसरा बोटभर खाली. काकू आंघोळ घालताना ठिपके जपायच्या आणि फिके झाले की घरातल्या पेनाने गिरवायच्या. पक्का पुरावा नव्हे तो. मुंग्या येतात पण स्नायू जागा होत नाही, असंही घडतं. तरी ठिपके खाली सरकत होते आणि रकान्यात शून्यावर शून्य पडत होतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी काका पेढे घेऊन आले. म्हणाले, "तुमचा सण आणि आमच्या पैशाचा दिवस एकच, ताई." त्यांची गिरणी १९९१च्या डिसेंबरात बंद पडली होती. कामगारांची देणी अडकली ती अडकलीच. कोर्टकचेऱ्या झाल्या, सरकारं बदलली आणि शेवटी २५ डिसेंबर २०२३ला देणी द्यायचा कार्यक्रम झाला. बत्तीस वर्षं. त्यांच्या खात्यातले कितीतरी लोक तोवर गेले होते.

मनगट वर-खाली करता करता मी विचारलं, इतकी वर्षं काय करत होतात?

"काय करणार? पोट भरायला दुसरी कामं केली. आणि रविवारी गेटवर जायचो."

"बंद गेटवर?"

"हो. सगळे जमायचो. कोण आलं, कोण नाही, कोण वारलं, नावं घ्यायची. कधी भाषण व्हायचं, कधी नुसतं बसायचं. मुलगा म्हणायचा, बाबा, तिथे काय ठेवलंय? काही नव्हतं ठेवलेलं. पण मी गेलो नसतो तर माझ्यापुरतं ते मिटलंच असतं ना."

मग थोड्या वेळाने, हाताकडे बघत: "तुमच्या येशूने म्हणे एकाचा वाळलेला हात बरा केला होता?"

बायबलातलं मार्कचं शुभवर्तमान, तिसरा अध्याय. सभास्थानात, शब्बाथ दिवशी. येशू त्याला म्हणाला, हात लांब कर. त्याने लांब केला आणि तो बरा झाला. मी ही गोष्ट सांगितली.

"लगेच?"

"लगेच."

"मग आमच्या वेळी एवढा उशीर का?" त्यांनी हे टोमण्याने विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

मला उत्तर आलं नाही, आणि पेशंटच्या दुखऱ्या हातावर मी उपदेश करत नाही. घरी येऊन मात्र मार्क पुन्हा उघडला आणि पुढे वाचत गेले. आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा आहे. येशूने त्याच्यावर हात ठेवून विचारलं, तुला काही दिसतंय का? तो म्हणाला, माणसं दिसतायत, पण झाडांसारखी चालताना. येशूने पुन्हा हात ठेवले, तेव्हा त्याला सगळं स्वच्छ दिसलं. ज्याने वाळलेला हात शब्दाने बरा केला, त्यानेच इथे दोनदा हात ठेवले. अर्धवट दिसत असताना तो माणूस कुठेही पळून गेला नाही. येशूचे हात अजून जवळ होते. मी ते वचन तीनदा वाचलं. मनात काही उजळलं नाही. पण त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की धूसर दिसणं म्हणजे त्याने सोडून देणं नव्हे.

जानेवारीतला तो मंगळवार. शुक्रवारी सर्जनकडे जायचं होतं. तोवर काही दिसलं नाही तर पुन्हा ईएमजी, म्हणजे नस आणि स्नायूंची विजेची तपासणी, आणि मग दंड उघडून नस बघायची. काका त्या सकाळी गप्प होते. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या, मांडीवर रिपोर्टांची पिशवी घेऊन.

स्प्लिंट काढला. कोपर वाकवलेला, अंगठा वरच्या बाजूला. मी कोपराच्या खाली, बाहेरच्या कडेवर बोट ठेवलं. "काका, पाण्याचा ग्लास तोंडाशी न्यायचाय. मी अडवणार, तुम्ही न्या."

आणि बोटाखाली काहीतरी हललं. पापणी फडफडावी इतकंच.

मी पटकन काही बोलले नाही. दंडाचा पुढचा स्नायू ओढतो तेव्हा खालीही ताण आल्याचा भास होतो. मी त्यात पूर्वी फसले आहे आणि पेशंटला खोटी आशा दिली आहे. पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा फडफडलं. काकांचा हात सैल सोडायला लावला, दोन मिनिटं थांबले. मग आमच्या सीनियर मॅडमना बोलावलं. सांगितलं काही नाही, फक्त म्हटलं, इथे बोट ठेवून बघा. त्यांनी डोळे मिटून बोट ठेवलं. काकांनी जोर लावला, कपाळावर घाम आला. मॅडमनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"काका," मी म्हटलं, "आली."

त्यांना कळलंच नाही. मनगट तर तसंच लोंबत होतं. मी त्यांच्या डाव्या हाताचं बोट धरून त्या जागी ठेवलं. "आता करा." त्यांनी केलं. मग स्वतःहून पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी ते खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं ए, आत ये, आत ये!" काकू पिशवीसकट धावत आल्या. काकांनी त्यांचंही बोट तिथे ठेवलं आणि तिघे-चौघे आम्ही त्या एवढ्याशा फडफडीभोवती उभे राहिलो.

मी रजिस्टर काढलं. चव्वेचाळिसावा आकडा लिहिताना माझा हात थरथरला, हे खरं आहे. ज्या तेहेतिसाव्या, चाळिसाव्या दिवशी मी निमूट शून्य लिहिलं होतं, त्या दिवशीही आत नस चालत होती. पान उलटून मी ती शून्यं परत पाहिली. त्यातलं एकही चुकीचं नव्हतं.

सर्जननी शुक्रवारी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. दीड महिन्याने पुन्हा दाखवा म्हणाले. मनगट उचलायला अजून बराच वेळ आहे, बोटांना त्याहून जास्त. एवढ्याने सगळं परत येईल असं मी काकांना सांगितलेलं नाही आणि त्यांनीही विचारलेलं नाही. नसेला निदान वेग माहीत आहे, मिलिमीटरमध्ये मोजता येतो. माझ्या बाबतीत देव कुठल्या वेगाने चालतो हे मोजायला माझ्याकडे जांभळं पेन नाही. तो चालतो आहे, यावर मात्र मी माझं सगळं वजन टाकलं आहे. काही न जाणवताही टाकलं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आजीचं बायबल उघडलं. काका, काकू, मॅडम, शुक्रवार, सगळ्यांची नावं घेतली. एरवी इथे मी आमेन म्हणून उठते. त्या दिवशी तशीच बसून राहिले, हात मांडीवर उघडे ठेवून. थंडी होती. शांत होतं, रोजच्यासारखंच. खाली कचरागाडीचं गाणं वाजायला लागलं तेव्हा उठले आणि ओला-सुका वेगळा करून ठेवलेला कचरा घेऊन जिना उतरले.