एमजीबी: काळा बंपर ठेवला, गाडी खाली आणली

न्यू जर्सीत एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार अजून परवडते, आणि त्यातही काळ्या बंपरची जास्तच स्वस्त. माझी १९७६ची रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, त्यातलीच. घेतानाच मनात होतं की नाकावरचं ते काळं धूड काढायचं आणि १९६२च्या मूळ गाडीसारखा क्रोमचा बारीक बंपर लावायचा.

पण क्रोमचा बंपर नुसता विकत आणून भागत नाही. काळा बंपर उतरवायला मुलाचीही मदत लागली. वरून पॉलियुरेथेन, आत जाड पोलादी सांगाडा. आणि त्याच्यामागे फेंडरचा खालचा कोपरा नाहीच! क्रोमच्या गाडीत तिथे पत्रा गोलाई घेत खाली उतरतो. हिचा कारखान्यातच आखूड ठेवलेला. जाळी वेगळी, इंडिकेटर बंपरमध्येच. मागच्या बाजूलाही तीच गत. म्हणजे पत्रे कापा, नवे तुकडे वेल्ड करा, मग अख्खी गाडी रंगवा. बॉडी शॉपवाल्याने आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीच्या आसपास होता.

मग मी हे असं का झालं ते नीट वाचून काढलं. अमेरिकेचं बंपर मानक क्र. २१५ सप्टेंबर १९७२पासून लागू झालं: पुढून ताशी ५ मैल, मागून अडीच मैल वेगाची धडक सोसली पाहिजे. पुढच्या वर्षी मागचीही मर्यादा ५ मैल झाली, आणि जमिनीपासून १६ ते २० इंच उंचीवर लंबकाचा मार झेलण्याची अट आली. दिवे फुटू नयेत, पेट्रोल गळू नये, बॉनेट अडकू नये, एवढीच अपेक्षा. मागणी रास्तच होती. पोर्शने १९७४च्या ९११ला अ‍ॅल्युमिनियमचे बंपर आणि बाजूला रबरी घड्या देऊन ती इतकी सुरेख पेलली की तोच चेहरा १९८९पर्यंत टिकला. एमजीबी बनवणाऱ्या ब्रिटिश लेलँडकडे मात्र नव्या गाडीसाठी पैसा नव्हता. आधी क्रोमवरच रबराचे भले मोठे ठोकळे बसवले, मग १९७४ सरता सरता काळा बंपर आला. बंपर हव्या त्या उंचीवर यावा म्हणून अख्खी गाडीच इंच-दीड इंच वर उचलली. वर खर्च वाचवायला रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीला कलू न देणारा दांडा, तोही काढून टाकला. तो १९७७च्या मॉडेलला परत आला.

माझी गाडी वळणावर होडीसारखी कलायची, त्याचं कारण हे होतं. बंपरचा त्यात काही दोष नव्हता. मी बंपर परत चढवला आणि गाडी पुन्हा खाली आणायला पैसे सस्पेन्शनवर घातले.

पुढची स्प्रिंग बदलताना जपून. आत दाबून बसवलेली ती स्प्रिंग निसटली तर हात मोडेल. स्प्रिंगला खालून धरणाऱ्या पॅनखाली जॅक लावला, पॅनचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी लांब आटेदार सळ्या घातल्या, मग बाकीचे काढले. जॅक सोडून नट अर्धा-अर्धा फेरा सैल करत गेलो, तसं पॅन हळूहळू खाली आलं आणि ताण संपल्यावर स्प्रिंग हाताने निघाली. आखूड स्प्रिंग बसवताना हाच क्रम उलटा. मागे त्या मानाने सोपं: अ‍ॅक्सल आणि कमानपाट्यांच्या मध्ये इंचभर जाडीचे ठोकळे आणि लांब यू-बोल्ट. ठोकळा अ‍ॅक्सल खाली आणत नाही, बॉडी खाली आणतो. म्हणून सायलेन्सर आणि जमिनीतलं अंतर आधी मोजून घ्यावं. शेवटी पुढचा अँटी-रोल बार, नव्या रबरी बुशांसह. बुश गंजलेल्या पत्र्यावर बसवू नका. मीठ टाकलेल्या रस्त्यांनी इथे चासीला आतून खाल्लेलं असतं, आधी घासून रंग द्या.

फरक पहिल्याच वळणाला कळला. गाडी कलायच्या आत वळते. आणि चाकं कमानीत नीट बसल्यावर काळं नाकही खटकेनासं झालं. ते आकाराने वाईट नव्हतंच, उंचीने बिघडलं होतं. ऑक्टोबर १९८०मध्ये अ‍ॅबिंग्डनचा (इंग्लंड) कारखाना बंद होईपर्यंत एमजीबी याच चेहऱ्याने विकली गेली. नियम १९८२मध्ये अडीच मैलांवर शिथिल झाला, तेव्हा त्याचा लाभ घ्यायला ती उरली नव्हती.

हे काम कराल तर त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख दोन्ही नव्याने तपासून घ्या. गाडी पुढे-मागे सारखी उतरत नाही. प्रकाश एक तर समोरच्याच्या डोळ्यात जातो, नाहीतर रस्त्यावर अगदी जवळच पडतो.