काहीतरी लाव ना!

रविवारी सकाळी घरच्या घरी वॅक्स उरकलं की दुपारी जेवून पाय पसरताना लक्षात येतं: केसाच्या प्रत्येक मुळाशी एकेक लाल ठिपका उमटलाय आणि नडगी चरचरतेय. ज्याला दिसेल तो म्हणतो, "अगं, काहीतरी लाव ना!" काय लावायचं यावर मात्र एकमत नाही. आई कोरफडीच्या कुंडीकडे बोट दाखवते, आजी हळद म्हणते, बहीण बर्फ. बाबांचा या विषयाशी संबंध फक्त दाढीपुरता, ते तुरटी शोधायला उठतात.

माझं मत विचाराल तर पहिले काही तास जवळजवळ काहीच लावू नये. हे मत कुठल्याही घरात निवडून येणार नाही, पण आहे ते असं आहे. केस मुळासकट उपटला की त्वचेत हिस्टमिन नावाचं रसायन सुटतं, छिद्राभोवती सूज आणि लाली येते आणि बहुतेकदा दिवसभरात ओसरते. गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ सुती फडकं 10 मिनिटं ठेवावं, सैल सुती पायजमा चढवावा. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून, थेट नको. कोरफड चालते, पण पान कापल्यावर आधी जो पिवळा चीक येतो तो निथळू द्यावा, नाहीतर खाजेवर खाज. तुरटी ही वस्तऱ्याने कापल्यावर रक्त थांबवायला. उपटलेल्या कातडीवर ती नुसती आग लावते. आणि लिंबू तर नकोच. लिंबाचा रस लावलेल्या अंगावर ऊन पडलं तर फोड येतात, मागे महिनोन्‌महिने डाग राहतात. पुढचे 24 तास कढत पाणी, जिम, डिओ, घट्ट लेगिंग्ज बंद. झालं.

खरं तर दुपारी होणारी आग पुष्कळदा सकाळी गॅससमोरच ठरलेली असते. घरचं वॅक्स म्हणजे साखरेचा पाक: एक वाटी साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, दोन मोठे चमचे पाणी, आच मंद. लिंबाच्या आम्लाने साखरेतल्या काही भागाचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, म्हणून पाक पुन्हा दाणेदार होत नाही. रंग मधावर आला की थेंब गार पाण्यात सोडायचा. बोटांत घट्टसर पण दबणारी गोळी वळली की गॅस बंद. थर्मामीटर असलाच तर 118 ते 120 अंश सेल्सियस. दिवाळीला पाक करणाऱ्या बायकांना यातलं काही सांगावं लागत नाही. त्या पातेल्यातल्या बुडबुड्यांकडे बघूनच सांगतात. पाक पुढे गेला तर निवल्यावर कडक होऊन तडकतो. कच्चा राहिला तर पायाला चिकटून बसतो, मग त्याच जागी पट्टी तीनतीनदा ओढली जाते, आणि कातडी सोलवटते ती तिथे. एका जागी दोनदा, त्यावर नाही. उरलेले चुकार केस चिमट्याने काढावेत. पावसाळ्यात पाक हवेतलं पाणी ओढून सैल पडतो, पायही घामेजलेले असतात, तेव्हा आधी टाल्कम पावडर लागतेच. पाक वरून कोमट वाटला तरी आत चांगला तापलेला असतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला तर हमखास. नीट ढवळून मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघावा.

विकतच्या डब्यांतल्या बऱ्याच वॅक्समध्ये राळ असते. ती काहींना सोसत नाही. गंमत अशी की त्या दिवशी काही होत नाही, खाज उठते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि बोल बसतो नव्या साबणाला. साखरेचा पाक निदान पाण्याने धुऊन जातो. राळेचा तेलाने पुसत बसावा लागतो.

ओढण्याचंही एक शास्त्र आहे. केस 5-6 मिलिमीटर वाढलेले हवेत. पाक केसांच्या दिशेने पसरायचा, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची आणि पट्टी उलट दिशेला, कातडीला समांतर, एका झटक्यात. पट्टी वर उचलून ओढली की केस मध्येच तुटतो. तुटलेलं टोक वाढता वाढता कातडीतच वळतं, आठ-दहा दिवसांनी तिथे गाठ येते. त्यात जंतू शिरले की ठणकणारा केसतोड. तो फोडायचा नाही, सुईने केस उकरायचा नाही. दिवसातून तीनदा गरम शेक द्यावा. असे केस ज्यांना नेहमी होतात त्यांनी वॅक्सनंतर दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं लोशन आठवड्यातून दोन-तीनदा लावावं. अक्रोडाच्या भुग्याचे स्क्रब मला मुळीच पसंत नाहीत. चेहऱ्यावर मुरुमांचं ॲडापॅलिन किंवा ट्रेटिनॉइन मलम चालू असेल तर तिथे वॅक्स नकोच, केसाबरोबर कातडीचा थरही निघून येतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर थांबवल्यावरही सहा महिने नको.

केस काढायच्या क्रीमवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यातलं थायोग्लायकोलेट केसातल्या केराटिनचे बंध तोडतं. कातडीचा वरचा थरही केराटिनचाच, त्याला ते वगळत नाही. म्हणून डब्यावर पाच मिनिटं लिहिलं असेल तर पाचच, मालिकेचा एक भाग संपेपर्यंत नव्हे. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून, तितक्याच मिनिटांनी धुऊन, दुसऱ्या दिवशी बघावं. ही खटपट आजची नाही. सुश्रुताच्या ग्रंथात जखमेभोवतीचे केस काढायला शंखाचं चूर्ण दोन भाग आणि हरताळ एक भाग असा लेप दिला आहे. हरताळात आर्सेनिक असतं, तेव्हा 'आयुर्वेदिक आहे' म्हणून कुणी करून बघू नये.

लगीनसराईत एक हमखास घोळ होतो: वॅक्स सकाळी, हळद संध्याकाळी. उघड्या छिद्रांवर ओली हळद, वर तेल, वर मांडवातला घाम. नवरी हसत असते आणि दंड पेटलेले असतात. काहींना हळदीचीच ॲलर्जी असते. वॅक्स आणि हळद यांत किमान दोन-तीन दिवस ठेवावेत. पार्लरवाली मुहूर्त विचारत नाही, आपणच सांगायचा.

आणि हौस नवरीपुरती तरी राहावी. तान्ह्या बाळाच्या पाठीवर कणकेचा गोळा तेलात बुडवून फिरवणारे हात अजून घरोघरी आहेत. ती लव काही आठवड्यांत आपोआप झडते. चोळून झडत असेल तर बाळाची कातडी, तिच्यावर पुरळ उठतं आणि मग बाळालाही काहीतरी लावलं जातं.

या सगळ्यात मला खरा राग आहे तो फ्रीजच्या दारातल्या ट्यूबचा. केमिस्टने कधीतरी गजकर्णासाठी दिलेली, चिठ्ठीशिवाय, नावाचा शेवट झिजलेला. त्यात क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड, एक बुरशीचं औषध आणि एक प्रतिजैविक. लावल्याबरोबर लाली जाते, म्हणून सगळ्या घराचा तिच्यावर विश्वास. पण जांघेत, काखेत आठवडेच्या आठवडे लावली की कातडी पातळ होते, पट्टे उमटतात, आणि बुरशी असलीच तर ती रूप बदलून पसरते. ठिपके फारच खाजत असतील तर कॅलामाइन पुरतं. लागलंच तर डॉक्टरांना विचारून 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे सौम्य स्टेरॉइड, दोन-तीन दिवस. लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पू झाला किंवा ताप आला तर घरगुती उपाय बंद करून त्याच दिवशी दवाखाना. मधुमेह असेल तर याच्याही आधी.

काखेचा काळेपणा मात्र सगळे रेझरच्या माथी मारतात. पुष्कळदा खरंही असतं. बोथट पातं, कोरडी कातडी, वर डिओ. पण काळेपणा जाडसर, मखमली हाताला लागत असेल आणि मानेच्या मागेही तसाच असेल तर त्यावर बटाट्याचा रस घासून उपयोग नाही. रेझर बदलूनही नाही. ती मधुमेहाची चाहूल असू शकते. रक्तातली साखर तपासून घ्यावी, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही. वय विशीचं असलं तरी.