गोलरक्षकाच्या पायातले क्रिकेटचे पॅड

प्रदर्शनाचे फलक छपाईला जायच्या आदल्या दिवशी हा फोटो टेबलावर आला. मागे पेन्सिलीने लिहिलेलं: ‘मॉन्ट्रियल, विंटर कार्निव्हल, १८८३’. आइस हॉकीची पहिली अजिंक्यपद स्पर्धा म्हणतात ती हीच, आणि तिच्या फलकावर नेमकी चित्राची जागा रिकामी होती. मथळे तपासायचं काम माझ्याकडे.

पेन्सिलीवर विसंबायचं नसतं. तो मजकूर पुष्कळदा फोटो काढणाऱ्याचा नसतो. पुढे कधीतरी अल्बम लावताना कुणीतरी अंदाजाने खरडलेला असतो. म्हणून मागची बाजू विसरायची आणि आधी चित्र वाचायचं.

चित्रात छत होतं. पहिली ठेच इथेच लागली. जानेवारी १८८३मध्ये मॅकगिल, व्हिक्टोरियाज आणि क्वेबेक हे तीन संघ खेळले ते सेंट लॉरेन्स नदीच्या गोठलेल्या पात्रावर, उघड्यावर. मॅकगिल जिंकलं. छताचा घोळ कुठून येतो तेही ठाऊक आहे. ३ मार्च १८७५ला जेम्स क्रेटन यांनी घडवून आणलेला बंदिस्त जागेतला पहिला जाहीर सामना व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये झाला होता, त्यामुळे ‘पहिलं’ काहीही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तीच इमारत येते. तिथला बर्फ साधारण २०४ बाय ८० फूट, म्हणजे आजच्या एनएचएलच्या, उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या, २०० बाय ८५च्या जवळपास. बर्फ गोठवायचं यंत्र वगैरे नाही. पाणी सोडायचं आणि कॅनडाच्या थंडीवर भरवसा ठेवायचा. चेंडू उसळून प्रेक्षकांना लागेल अशी धास्ती होती, म्हणून त्या संध्याकाळी चपटी लाकडी चकती वापरली. (डोकी फुटलीच, पण चकतीने नव्हे. सामन्यानंतर हाणामारी झाल्याचं एका वृत्तपत्राने छापलं होतं.)

मग माणसं मोजली. १८७५मध्ये नऊ-नऊ, १८८३मध्ये सात-सात. फोटोत सात. जुळलं, पण हा पुरावा लेचापेचा. पूर्व कॅनडातल्या एनएचए या हॉकी संघटनेने रोव्हरची, म्हणजे ठरलेली जागा नसलेल्या, सगळीकडे फिरणाऱ्या सातव्या खेळाडूची, जागा काढून संघ सहावर आणला तो १९११-१२च्या मोसमात. तोवर सातच खेळत होते.

खरा निकाल लागला गोलापाशी. १८८३चा गोल म्हणजे बर्फात रोवलेले दोन खांब, बस्स. चकती आतून गेली की बाहेरून, यावर हुज्जत घालायला पूर्ण वाव. जाळी मॉन्ट्रियलच्या सामन्यांत आली १८९९-१९००च्या सुमारास. भिंगाखाली धरल्यावर खांबांच्या मागे जाळीची वीण स्वच्छ दिसली. शिवाय गोलरक्षकाच्या पायांवर पांढरे, उभ्या पट्ट्यांचे क्रिकेटचे पॅड! आपल्याकडे ते बघून कुणी चमकणार नाही, पण बर्फावर त्यांची गाजलेली नोंद फेब्रुवारी १८९६ची आहे. विनिपेग व्हिक्टोरियाजचा गोलरक्षक मेरिट असे पॅड बांधून मॉन्ट्रियलमध्ये उतरला आणि त्याच्या संघाने २-० असा जिंकून स्टॅन्ली कप, आइस हॉकीतला मानाचा चषक, नेला.

एक शंका उरली होती: जोडचित्र तर नसेल? मॉन्ट्रियलच्या विल्यम नॉटमन यांच्या स्टुडिओत माणसांचे फोटो एकेकटे काढत, कापून रंगवलेल्या देखाव्यावर चिकटवत आणि त्याचा पुन्हा फोटो घेत. १८७०च्या स्केटिंग कार्निव्हलचं त्यांचं चित्र असंच बनलंय. अशा चित्रात सगळे चेहरे सारखेच रेखीव असतात आणि सावल्या एकमेकींशी जुळत नाहीत. इथे कडेचे दोघे हलल्याने पुसट झाले होते, सावल्या एकाच दिशेला. एकाच वेळी घेतलेला फोटो.

म्हणजे काळ १९००च्या पुढचा. शहर मॉन्ट्रियल, हेही फक्त पेन्सिल म्हणत होती, आणि पश्चिम कॅनडात सातजणांचा खेळ १९११नंतरही काही वर्षं टिकला होता. मथळा झाला: ‘अज्ञात सामना, कॅनडा (?), १९००नंतर’. फोटो त्या फलकावरून उतरला.

रिकाम्या चौकटीत आम्ही फेब्रुवारी १८७७मध्ये मॉन्ट्रियल गॅझेटमध्ये छापून आलेले खेळाचे सात नियम टाकले. ते मैदानी हॉकीच्या नियमांवरूनच घेतलेले. पहिल्याच नियमात खेळ ‘मैदानाच्या’ मध्यावर बुलीने, म्हणजे समोरासमोरच्या दोघांनी काठ्या एकमेकींवर आपटून, सुरू करायला सांगितलंय. उतरवून घेताना तिथे ‘बर्फ’ लिहायचं राहूनच गेलं.